कडीपाट आणि भिंत : एका विस्मृत सांध्याविषयी

वर्गात 'पाच खणी घर' हा शब्दप्रयोग आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी आम्हाला विचारले, हा खण चोळीचा की टेबलाचा? दोष त्यांचा नव्हे. कल्याणच्या पारनाक्यावर किंवा ठाण्याच्या चरईत ज्या घरांना हा शब्द लागू पडे, ती आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणूनच मजला आणि भिंत जेथे भेटतात, त्या सांध्याचा थोडा इतिहास येथे मांडावासा वाटतो.

पेशवेकालीन वाड्यात मजल्याचा भार मुख्यतः भिंतीवर नसे. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, असा हा कडीपाट. दोन खांबांमधील अवकाश म्हणजे खण. घराचे माप त्यावरूनच सांगितले जाई. कडेचे खांब भिंतीत गुंतवलेले असत. भिंत ऊनपाऊस अडवी. ओझे खांब वाहत. खांबाच्या माथ्यावरची कूस तुळईच्या खाचेत बसली की सांधा पुरा होई.

या रचनेचे बळ आणि तिची उणीव ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात एकदमच दिसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या. अनेक घरांतील खणांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. सांगाडा आणि भिंत शेजारी होते, पण एकमेकांना बांधलेले नव्हते.

आपल्या परिसरात बदल घडला तो निराळ्या कारणाने. १८५३ साली रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणला पोहोचली आणि पुढे चाकरमान्यांसाठी चाळी उभ्या राहू लागल्या. त्यांपैकी अनेक चाळींत भिंतीतले खांब गेले आणि कड्यांची टोके थेट विटांच्या भिंतीत रोवली गेली. मजल्याचे भवितव्य आता भिंतीच्या ओलीवर अवलंबून राहिले. कोकणच्या पावसात भिंत पाझरते, आत दडलेले टोक कुजते, त्याला वाळवी लागते. खोलीतून दिसणारी कडी मात्र धडधाकट भासते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्याने भाडेकरूंना आसरा मिळाला, परंतु डागडुजीत मालकाला स्वारस्य उरले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात, त्यांतील जुन्या घरांमागे हे न दिसणारे टोक पुष्कळदा असते.

सिमेंटकाँक्रीटच्या बांधणीत तुळई आणि मजला एकत्रच ओतले जातात. सुताराने घडवलेला सांधा तेथे उरत नाही आणि त्याबरोबर त्याची परिभाषाही ओसरते. ही परिभाषा स्वतःच एक सांधा होती. तुळईच्या मुळाशी संस्कृत 'तुला' आहे, तर 'मजला' हा अरबी 'मंझिल'चा मराठी अवतार. 'मजल दरमजल'मधली मजलही तीच. दोन भाषाकुळांतले शब्द एकाच छताखाली नांदले, याची साक्ष सुताराच्या बोलीत आहे.

वाडे वाचवणे आम्हा अध्यापकांच्या हाती नाही, आणि पडक्या घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना वारशाचे पाठ देणेही उचित नव्हे. मात्र एखादे जुने घर उतरवले जात असताना विद्यार्थ्यांना तेथे नेता येईल. कोणत्या लाकडाला काय म्हणतात, हे तेथल्या वृद्ध सुताराकडून उतरवून घेता येईल. पुढच्या वर्षी 'खण' शिकवण्यापूर्वी एवढे करावे, असे आम्ही ठरवले आहे.