दिव्याखालचं बेट



दिवाळीनंतर आमच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गटांची मिळून एक सहल निघाली. देवदर्शन दरवर्षी होतंच, यंदा समुद्र बघायचा, असं बैठकीत ठरलं. भिगवणच्या बाजूला उजनीचं पसरलेलं पाणी दाखवून आम्ही पोरांना 'हा आपला समुद्र' म्हणत आलो. खरा समुद्र आमच्यातल्या निम्म्याजणींनी पाहिला नव्हता.

रात्रीची गाडी केली, पहाटे मुंबई गाठली. गेट वे ऑफ इंडियापासून लाँचमध्ये बसलो आणि तासाभरात घारापुरीला उतरलो. बाहेरची माणसं या बेटाला एलिफंटा म्हणतात. पोर्तुगीजांना इथं दगडाचा एक मोठा हत्ती दिसला, त्यावरून हे नाव पडलं. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ आहे. एकशेवीस पायऱ्या चढून आम्ही लेण्यांत गेलो. जवळजवळ वीस फूट उंचीचा तीन मुखांचा सदाशिव पाहिला आणि बोलक्या बायकाही गप्प झाल्या.

संध्याकाळी परतीच्या लाँचची घाई सुरू झाली. पायऱ्यांच्या कडेला माळा विकणारी एक मावशी दुकान आवरत होती. आमच्यातली एकजण तिला सहज म्हणाली, "मावशी, रात्री इथं किती छान वाटत असंल!" मावशी हसली. म्हणाली, "ताई, रात पावन्यांना दिसत नाय. तुमची लाँच सुटली का मग आमचा गाव सुरू होतो."

खरंच आहे ते. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. शेवटची लाँच सुटली की मागं उरतात ती शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांतली माणसं. मावशीचं वाक्य आमच्याबरोबर घरी आलं. म्हणून आज लेण्यांच्या इतिहासापेक्षा या बेटाच्या रात्रीचा इतिहास सांगतो. त्यात आमच्या एका चुकीचाही हिशोब आहे, तो शेवटी सांगू.

घारापुरीची मोठी लेणी साधारण सहाव्या शतकातली. कोणत्या राजानं ती कोरून घेतली हे ठामपणे सांगता येत नाही. बरेच अभ्यासक कलचुरी राजांचं नाव घेतात. बेटावर एक शिलालेख होता, तो पोर्तुगीजांनी काढून आपल्या देशात नेला आणि तिकडं तो हरवला. बांधणाऱ्याचं नाव सांगणारा दगडच गेला, तर पुढच्यांनी वाचायचं काय? बचत गटात आपण एक गोष्ट कायम सांगतो, दप्तर नीट ठेवा. दप्तर गेलं की कष्ट कुणाचे होते हेही पुसलं जातं.

आता १८७५ सालात येऊ. त्या वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर मुंबईत आला. पुढं तो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. त्याच्या मानासाठी घारापुरीच्या लेण्यांत मेजवानी झाली. शंकराच्या देवळात टेबलं लागली, दिव्यांनी लेणी उजळली आणि साहेबलोक जेवले. समुद्रातल्या बेटावरची रात्र कशी दिसते, हे त्या पाहुण्यानं असं पाहिलं. जेवण झालं आणि पाहुणे निघून गेले. पाहुण्याचं नाव पुस्तकांत राहिलं. दिवे वाहून नेणाऱ्यांची, पाणी भरणाऱ्यांची, उष्टं काढणाऱ्यांची नावं राहिली नाहीत.

ही एका रात्रीची रोषणाई झाली. बेटावरच्या घरांत कायमची वीज कधी आली, माहीत आहे? फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे मेजवानीनंतर १४२ वर्षांनी, आणि देश स्वतंत्र झाल्यावर ७० वर्षांनी.

आणि हे बेट कुठं लांब आडबाजूला नाही. गेट वेपासून पाण्यानं ते साधारण दहा किलोमीटर. आपल्याकडं भिगवण ते इंदापूर याहून कितीतरी लांब आहे. मुंबईला १९१५ सालापासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज मिळू लागली. पुढं त्यासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यात मुळशीचं धरण झालं. गावं आणि भातशेती पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मुळशी सत्याग्रह झाला. त्यात बायकाही उतरल्या होत्या. धरण काही थांबलं नाही. मुळशीच्या पाण्यावरची वीज घाट उतरून मुंबईपर्यंत गेली. मुंबईच्या पुढ्यातलं बेट मात्र अंधारातच राहिलं.

घारापुरीच्या भोवती नजर फिरवली तर सगळीकडं दिवेच दिवे. एका बाजूला मुंबई. जवळच जवाहर द्वीप, तिथं तेलाची जहाजं लागतात. दुसऱ्या बाजूला १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर, ते रात्रभर जागं असतं. मधल्या काळात, १९८७ साली, युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. जगभरातून माणसं येऊ लागली. काही वर्षं बेटावर नाचगाण्याचा महोत्सवही भरायचा. त्या रात्री लेण्यांपुढं झगझगीत उजेड असायचा. गावात मात्र डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळचे तीन-साडेतीन तास वीज. जनरेटर बंद पडला की कंदील आणि मेणबत्ती.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण कितीदा वापरतो. ती नकाशावर दाखवायची झाली तर या बेटावर बोट ठेवावं.

मावशीनं दुकान आवरता आवरता आम्हाला तिच्या रात्री सांगितल्या. दहाच्या आत पोरांचा अभ्यास, जेवण, भांडी सगळं उरकायचं. पंखा बंद झाला की पावसाळ्यात डास, उन्हाळ्यात घामाच्या धारा. रात्री कुणी आजारी पडलं तर पलीकडं न्यायला होडीच. त्यातही समुद्राची वेळ बघायची. भरतीला या बेटाची जमीन साधारण दहा चौरस किलोमीटर असते, ओहोटीला ती सोळापर्यंत वाढते. वाढलेली ती जमीन म्हणजे बरीचशी चिखलाची. पाणी मागं गेल्यावर होडी हवी तिथं लागत नाही. "बाळंतीन कळा देते नि आपन भरतीची वाट बघतो," मावशी म्हणाली. "समोर एवढी मुंबई लखलखते. बघून बघून डोले दुखायचे."

आमच्यातल्या कुणालाच यावर काही बोलता आलं नाही.

शेवटी समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणनं बेटावर वीज नेली. खर्च साधारण २५ कोटी रुपये. कुणी म्हणेल, एवढ्याशा वस्तीसाठी एवढा खर्च? आम्ही उलटं विचारतो. बेटाच्या नावावर आजवर किती तिकिटं फाटली, किती लाँच भरून गेल्या, मुंबईच्या पर्यटनाला किती नाव मिळालं? ते नाव ज्यांच्या गावामुळं मिळालं त्यांच्या घरात सत्तर वर्षं उशिरा दिवा लागला. मावशीच्या घरी आता फ्रीज आहे, त्यात ती सरबताच्या बाटल्या गार करून विकते. सून शिलाई मशीनला मोटर लावून रात्रीसुद्धा शिवते. दिवा लागला की बाईच्या दिवसाचे तास वाढतात. त्यातले कमाईचे किती आणि नुसत्या कामाचे किती, हे मात्र घराघरावर असतं.

परतीच्या लाँचमध्ये आम्ही सगळ्या मागं तोंड करून बसलो होतो. बेट काळं होत गेलं, मग किनाऱ्याला एकेक दिवा लागला. मुंबईकडं बघायचं कुणाला सुचलं नाही. तेवढ्यात आमच्या गटातली, कालव्यापलीकडच्या वस्तीवरची एक बाई हळूच म्हणाली, "ताई, आमची वस्ती पण अशीच लांबनं बघितली का तुम्ही?"

आता ती चूक सांगतो. आमच्या गटाची बैठक कितीतरी वर्षं गावात, देवळाच्या ओट्यावर, संध्याकाळी सातला व्हायची. गावठाणातल्या बायकांना ती वेळ सोयीची. उशीर झाला की दहा रुपये दंड. कालव्यापलीकडून येणाऱ्या चौघींना तो सारखा बसायचा. त्या रस्त्याला एकही दिवा नाही. दोन्ही बाजूला ऊस, पायाखाली काय आहे ते दिसत नाही, हल्ली बिबट्याची भीती वेगळीच. शेतीची लाईट रातपाळीची असली की त्यांना मालकाबरोबर दारं धरायलाही जावं लागतं. हे सगळं आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वहीत आम्ही फक्त 'उशीर' लिहीत गेलो. अंधार लिहिला नाही. नियमित बैठक ही पंचसूत्रीतली पहिली गोष्ट, ती पाळायचीच. पण नियम केला तो उजेडात राहणाऱ्यांनी.

सहलीनंतरच्या पहिल्याच बैठकीत आम्ही तो विषय घेतला. थोडी कुरबुर झाली, "एकदा ठरलेला नियम कशाला मोडायचा?" असंही कुणी म्हणालं. शेवटी ठराव झाला. बैठक दुपारी तीनला, एक महिना गावात, एक महिना वस्तीवर. त्या चौघींचा दंड परत केला. वस्तीच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा अर्ज महिला सभेत मांडला आणि तिथून ग्रामसभेत नेला. दिवे अजून लागलेले नाहीत. अर्जाची पोच आमच्या दप्तरात आहे आणि दर बैठकीत त्या विषयाची विचारणा होते.

मैत्रिणींनो, इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, राजे, लढाया आठवतात. तो दिवसाचा इतिहास. रात्रीचाही एक इतिहास असतो आणि तो बहुतेक बायकांना माहीत असतो. तुमच्या गटात पुढच्या बैठकीला सत्तरीच्या एखाद्या आजींना बोलवा. त्यांना विचारा, आपल्या गावात पहिला विजेचा खांब कुणाच्या दारात उभा राहिला? शेवटचा कुठं आला, की अजून यायचाय? रॉकेलची चिमणी कधी विझली? रात्रीची बाळंतीण कशातून नेली? उजनीच्या पाण्याखाली ज्यांचं गाव गेलं, त्यांच्या नव्या गावठाणात दिवा कधी लागला? आजी सांगतील ते वहीत लिहून घ्या, खाली तारीख टाका, ऐकायला हजर असलेल्या सगळ्याजणींच्या सह्या घ्या.

आणि घारापुरीला गेलात तर लेणी बघाच. मावशीकडून एखादी माळही घ्या. लाँच सुटली की मात्र मागं तोंड करून बसा.