समस्याजनक राग आणि व्यक्तिमत्त्व विकार

राग येणे हा आजार नव्हे. तो क्षुल्लक कारणावरून वारंवार भडकू लागला, त्यापायी नाती आणि नोकरी तुटू लागली, की त्यामागे व्यक्तिमत्त्व विकार आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञ तपासतात.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात असा राग ठळकपणे दिसतो. अमेरिकी निदानपुस्तिकेतील त्याच्या ९ निकषांपैकी अनावर राग हा एक. निदानासाठी किमान ५ लागतात. फोनला उत्तर उशिरा आले, तरी रुग्णाला आपल्याला टाकून दिल्यासारखे वाटू शकते. मग आरडाओरडा, आणि पाठोपाठ लाज व अपराधी भावना. अशा माणसाला ‘नाटकी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

या विकारावर वापरली जाणारी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही उपचारपद्धती मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी सिएटलमध्ये विकसित केली. तरुणपणी स्वतः भोगलेल्या मानसिक आजाराबद्दल त्या २०११ मध्ये जाहीरपणे बोलल्या.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारातही चिडखोरपणा आणि मारामाऱ्या हा निकष आहे. केवळ रागावरून मात्र कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान होत नाही.