दोन घरचा पाहुणा

परवा नातू गाडीत गाणं लावून बसला होता. आवाज जाड, खर्जातला, ऐकत राहावंसा. "आजी, हे अमेरिकेतलं कंट्री म्युझिक," तो म्हणाला. मोबाइलवर गायकाचा फोटो बघितला आणि तोंडून निघून गेलं, "हा कसा काय?" माझ्या डोक्यात कंट्री म्हणजे हॅट घातलेला गोरा माणूस! नातू हसला, "आजी, त्याला सगळे हेच विचारतात." मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मग वाचत बसले.

गायकाचं नाव केन ब्राऊन. जन्म १९९३ चा. आई गोरी, वडील कृष्णवर्णीय. तो लहान असतानाच वडील तुरुंगात गेले. आईनं एकटीनं वाढवलं. कधी मायलेकरं गाडीतच झोपली. आपण मिश्र वंशाचे आहोत हे सात-आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला ठाऊकच नव्हतं. नंतर वर्णावरून शिव्या मिळू लागल्या.

गंमत म्हणजे हे संगीत स्वतःच मिश्र वंशाचं आहे. फिडल युरोपातून आलं, तर बँजोचं मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांकडे. पण १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन रकाने आखले. काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. गाणी तीच, सूर तेच, दुकानातली फळी मात्र वेगळी.

नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाला ते नाव मिळालं १९२७ साली, डीफोर्ड बेली या कृष्णवर्णीय कलाकारानं माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब वाजवली त्या रात्री. त्याच बेलीला १९४१ मध्ये काढून टाकलं. पुढे तो बूटपॉलिशचं दुकान चालवत होता. 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी!

मग आला चार्ली प्राइड. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या घरातला. १९६६ मध्ये आरसीए कंपनीनं त्याची पहिली रेकॉर्ड रेडिओवाल्यांना पाठवली, ती फोटो न लावता. आधी आवाज आवडू दे, चेहरा नंतर! पुढे १९७१ मध्ये तो कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम कलाकार ठरला, ही गोष्ट वेगळी.

केननं उलटंच केलं. घरात बसून जुनी कंट्री गाणी गायची आणि व्हिडिओ फेसबुकवर टाकायचे. म्हणजे चेहरा पहिल्यापासून लोकांसमोर. लाखो लोकांनी बघितलं, तेव्हा कंपन्या धावल्या. २०१६ मध्ये करार झाला तो आरसीएच्याच नॅशव्हिल शाखेशी. प्राइडच्या त्या फोटो नसलेल्या रेकॉर्डला तेव्हा पन्नास वर्षं होत होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिलबोर्डच्या पाचही मुख्य कंट्री याद्यांत केन एकाच वेळी पहिला होता. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं, गोऱ्यालाही नाही.

हे वाचताना मला माझाच एक वर्ग आठवला. नव्या वर्षाचं रजिस्टर भरत होते. एका मुलाच्या आईवडिलांचा आंतरजातीय विवाह झालेला. भर वर्गात मी त्याला विचारलं, "अरे, पण तुझी नेमकी जात कोणती लिहू?" तो खाली मान घालून उभा राहिला. मुलं हसली. मी रकाना भरला आणि पुढच्या नावाकडे वळले. माझ्या लेखी तेव्हा तो फक्त एक रकाना होता.

आपल्याकडे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. पण ते पोर पाहुणं नव्हतंच. दोन्ही घरं त्याची होती. उपाशी ठेवलं ते आम्ही, पानं वाढणाऱ्यांनी.

आज तो पन्नाशीचा असेल. कुठे भेटला तर माफी मागायची आहे.