इतिहासाचा पट आणि आकाशाचा पट

पट मांडून युद्ध खेळण्याची हौस आपल्या देशात फार जुनी आहे. बुद्धिबळाचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ते पडले. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' हा राजनीतिविषयक ग्रंथ रचला. त्यातही या खेळाला स्थान आहे. राजधर्म सांगावयास बसलेल्या पंडिताला हा खेळ उपेक्षणीय वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आज हा पट संगणकाच्या पडद्यावर गेला असून रणनीतीच्या खेळांच्या दोन मोठ्या शाखा झाल्या आहेत. एकीत खेळाडू गतकाळातील एखादे राज्य चालवावयास घेतो. दुसरीत तो एखाद्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहापासून आरंभ करून आकाशगंगेत आपले साम्राज्य पसरवीत जातो. दोहोंतील व्यवहार पुष्कळसा सारखा आहे. शोध घ्यावा, विस्तार करावा, संपत्ती मिळवावी आणि प्रतिस्पर्ध्याचा निःपात करावा, ही चतुःसूत्री दोन्हीकडे चालते. एकीकडे तोफा आणि दुसरीकडे किरणास्त्रे एवढाच भेद असता, तर त्याविषयी बोलण्यासारखे फारसे उरले नसते. परंतु भेद याहून खोल आहे. इतिहासाच्या खेळात खेळाडूच्या आधी कोणीतरी त्या भूमीवरून चालून गेलेले असते. आकाशाच्या खेळात त्याच्या आधी कोणीच गेलेले नसते.

याचा प्रत्यय एका साध्या उदाहरणाने येईल. 1991 साली अमेरिकेत निघालेल्या 'सिव्हिलायझेशन' या खेळात भारताचे नेतृत्व गांधीजींकडे दिलेले आहे आणि खेळ पुढे गेला म्हणजे हे गांधीजी प्रतिपक्षाला अण्वस्त्रांची धमकीही देतात. हे पाहून जगभरचे खेळाडू हसतात. ते का हसतात? खरे गांधीजी कोण होते हे त्यांना ठाऊक असते म्हणून. आता 1993 सालचा 'मास्टर ऑफ ओरायन' हा आकाशातला खेळ घ्या. तेथे ताऱ्यांचा नकाशा प्रत्येक डावाला नव्याने तयार होतो आणि प्रतिस्पर्धी असतात कल्पित जीवांचे वंश. त्यांच्यापैकी एखाद्या राजाने तशीच धमकी दिली, तर कोणाला हसू येत नाही, कारण त्या राजाला पूर्वायुष्यच नाही. इतिहासाचा खेळ 'असे झाले असते तर' हा प्रश्न विचारतो, आणि तो विचारण्यासाठी 'असे झाले होते' हे आधी माहीत असावे लागते. आकाशाचा खेळ फक्त 'आता काय करावे' एवढेच विचारतो.

यातूनच इतिहासाच्या खेळावर एक जबाबदारी येते. 2009 साली इंग्लंडमधील एका संस्थेने काढलेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळाचा मुख्य डाव 1700 साली सुरू होतो, आणि त्यात मराठा मंडळ हे खेळाडूला निवडता येणारे एक राज्य आहे. आपल्या तरुणांना याचा आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु 1700 साल खरोखर कसे होते? त्या वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत होते. लहान मुलाला गादीवर बसवून ताराबाई राज्याचा भार वाहत होत्या. सरदारांचे मंडळ म्हणून ज्याची ओळख आहे ती रचना पुढे पेशव्यांच्या काळात आकारास आली. पटावर एकाच रंगाने रंगविलेला प्रदेश दिसतो, तेथे वस्तुतः एक राज्य प्राणपणाने तग धरून होते. आकाशातील एखाद्या राज्याचा रंग चुकला म्हणून कोणावरही अन्याय होत नाही. येथे मात्र ताराबाईंवर होतो.

दुसरी गोष्ट वार्तेची आणि अंतराची. मी ज्या बंगळूरातून बोलतो आहे त्या शहराचाच इतिहास घेऊ. 1638 नंतर ही शहाजीराजांची जहागीर होती. 1687 मध्ये मोगलांनी ते घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना 3 लाख रुपयांस देऊन टाकले. राजधानी विकली जाण्याची सोय बहुतेक पटांवर नसते! पुढे मार्च 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून बंगळूरचा किल्ला जिंकला आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. लढाईत त्याची सरशी झाली, तरीही त्याला परतावे लागले. पावसाने वाट बिघडली होती, दाणागोटा संपला होता, ओढीचे बैल मरून पडत होते. अखेर किल्ला फोडण्यासाठी नेलेल्या जड तोफा त्याने स्वतःच्या हातांनी नष्ट केल्या. आणि परतीची वाट धरली तोच समोर घोडदळ दिसले. इंग्रजांना आधी ते शत्रूचे वाटले. प्रत्यक्षात ती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज होती, आणि तिच्या बाजारात धान्याची रेलचेल होती. मित्रांची फौज इतक्या जवळ आली असूनही कॉर्नवॉलिसला तिचा पत्ता नव्हता, कारण टिपूच्या स्वारांनी जासुदांच्या वाटा रोखल्या होत्या. ती बातमी चार दिवस आधी मिळती, तर त्या तोफा वाचत्या.

संगणकाच्या पटावर असे सहसा घडत नाही. खेळाडू घारीसारखा वरून पाहतो आणि आपल्या मित्राची सेना कोठे आहे हे त्याला बहुधा दिसत असते. या उणिवेची जाणीव जुन्या लोकांना होती. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्स या अधिकाऱ्याने जो युद्धखेळ रूढ केला, त्यात खेळाडूंनी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यावयाचे असत आणि रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्यांना दाखवी. अज्ञान हासुद्धा रणनीतीचा एक घटक आहे, हे त्या खेळाने मान्य केले होते.

मग आकाशाच्या खेळात तरी अंतराला मान मिळतो काय? बंगळूरनेच याचे उत्तर पाहिले आहे. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा येथील नियंत्रण केंद्राचा संदेश यानापर्यंत पोहोचण्यास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. ऐन वेळी आज्ञा देणे शक्यच नव्हते. म्हणून सर्व आज्ञा आधीच पाठवून यानाच्या स्वाधीन केलेल्या होत्या, आणि शास्त्रज्ञ केवळ वाट पाहत होते. खेळातला सम्राट मात्र शेकडो प्रकाशवर्षे दूर असलेल्या आरमारास त्याच क्षणी हुकूम देतो. जासूद अडविला जाणे आणि प्रकाशाला वेळ लागणे या एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्ही शाखांचे खेळ ते सोयीने विसरतात.

याहून महत्त्वाचे विस्मरण आणखी एक आहे. आकाशाच्या खेळात ग्रह रिकामा सापडतो. खेळाडू तेथे वसाहत करतो आणि तो आपला म्हणतो. 'वसाहत' हा शब्द तरी कोठून आला? तो पृथ्वीवरच्या इतिहासातून आला, आणि त्या इतिहासात रिकाम्या म्हणून घेतलेल्या भूमी बहुधा रिकाम्या नव्हत्या. महसुलाची जुनी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे की, पडीक म्हणून लिहिलेल्या जमिनीवरसुद्धा कोणाची गुरे चरत असतात, कोणाची पायवाट जात असते, कोणाचा म्हसोबा उभा असतो.

इतिहासाचा खेळ सदोष असला तरी त्याचे दोष दाखविता येतात. 1700 सालचा नकाशा चुकला असे आपण म्हणू शकतो, कारण कागद आहेत, बखरी आहेत, किल्ले उभे आहेत. आकाशाच्या खेळाची चूक दाखविण्यास साक्षीदार नाही. म्हणून पहिला खेळणाऱ्याने जवळ एखादा इतिहासग्रंथ ठेवावा, आणि दुसरा खेळणाऱ्याने नव्या ग्रहावर निशाण रोवण्यापूर्वी येथे आधी कोण राहत असेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. पटावर त्याचे उत्तर मिळणार नाही. पण मनुष्य उद्या खरोखरच त्या वाटेने निघाला, तर तो प्रश्न त्याच्या बरोबर असलेला बरा.