पिंजऱ्यातील पोपट आणि यकृताचे विकार

भंडारा हा धानाचा जिल्हा. पीक तयार होऊ लागले, की वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतांवर पोपटांचे थवे उतरतात. अशा थव्यातील एखादे पिल्लू माणसाच्या हाती लागते, पिंजऱ्यात 'मिठू' होते आणि घरातले अन्न खाऊ लागते. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, भात, बिस्किटे, तळलेले पदार्थ हा लाडाचा आहारच पुढे त्याच्या यकृताच्या मुळावर येतो.

विकार कशामुळे?

रानातला पोपट फळे, कळ्या, कोवळे दाणे खातो आणि दिवसभर उडतो. पिंजऱ्यात उडणे थांबते; तेलबियांतील स्निग्धांश मात्र शरीरात जातच राहतो. तो यकृताच्या पेशींत साठून यकृत मोठे होते व त्याचे काम मंदावते. केवळ बियांच्या आहारात 'अ' जीवनसत्त्वाचीही कमतरता असते.

दुसरे कारण बुरशी. पावसाळ्याच्या दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर व अन्य धान्यावर ॲस्परजिलस बुरशी वाढते. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष शिजवल्याने वा भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. याशिवाय विषाणू, जिवाणू आणि पिंजऱ्याच्या तारेवरील जस्ताचा मुलामा कुरतडल्याने होणारी विषबाधा हीही कारणे संभवतात.

लक्षणे

शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असल्याने पक्षी आजारपण शक्य तितके लपवतो. म्हणून तो पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याआधीचा इशारा विष्ठेत मिळतो. पोपटाच्या विष्ठेचे तीन भाग असतात : हिरवट घट्ट मळ, पांढरे युरेट आणि पाण्यासारखे मूत्र. यकृत बिघडले, की पित्तातील बिलिव्हर्डिन हे हिरवे रंगद्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते आणि पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी होतो. तो नीट दिसावा म्हणून पिंजऱ्याच्या तळाशी कोरा पांढरा कागद अंथरावा व रोज बदलावा. एखाद्या वेळचा रंग खाण्यामुळेही बदलतो. तो दिवसभर टिकला तर मात्र पशुवैद्यकास दाखवावे.

चोच व नखे वेगाने वाढणे, चोचीवर काळसर डाग, हिरव्या पिसांत पिवळी वा काळी पिसे, पोट फुगणे, धाप लागणे, तहान वाढणे ही अन्य लक्षणे होत. वजन दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर नोंदवावे. पक्षी जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असल्याने दहा-बारा ग्रॅमची घटही गंभीर मानावी.

उपचार

रक्तातील पित्ताम्ले व एएसटी या तपासण्या, क्ष-किरण आणि सोनोग्राफी यांवरून निदान होते. तालुक्याच्या दवाखान्यात या सोयी नसल्यास सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. प्रवासात पक्षी उबदार, अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवावा व विष्ठेचा ताजा कागद सोबत न्यावा. माणसांची औषधे, विशेषतः तापाच्या वा वेदनाशामक गोळ्या, देऊ नयेत.

क्लॅमिडिया जिवाणूमुळे होणारा सिटॅकोसिस माणसालाही होतो. पिंजरा कोरडा झाडू नये. कागद ओला करून, तोंडाला रुमाल बांधून उचलावा. घरात कोणाला ताप व कोरडा खोकला असल्यास घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आहार

लाल भोपळा, गाजर, शेवग्याची व मेथीची पाने, हिरवी मिरची, पेरू, पपई आणि मोड आलेली कडधान्ये द्यावीत. पक्ष्यांसाठीचे तयार खाद्य मिळाल्यास उत्तम. तेलबिया चवीपुरत्याच असाव्यात. मीठ, चहा, चॉकलेट व ॲव्होकॅडो वर्ज्य. बदल काही आठवड्यांत, हळूहळू करावा. 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवल्यास यकृतात चरबी अधिकच साठते.

कायदा काय सांगतो?

भारतीय पोपटांच्या जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे वा घरी ठेवणे गुन्हा आहे. मात्र या भीतीने आजारी पक्षी दडवून ठेवणे किंवा रानात सोडून देणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी लोटणे होय. पिंजऱ्यात वाढलेला, यकृत बिघडलेला पोपट बाहेर तग धरत नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवून तो स्वाधीन करावा. नागपुरातील सेमिनरी हिल्स येथे वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर असून तेथे वन्यजीवांवर उपचार होतात.

बजरीगर, कॉकाटील हे परदेशी पक्षी पाळण्यास मनाई नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा जातींची मात्र २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश २.०' संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे. आहाराचे आणि विष्ठेवर नजर ठेवण्याचे पथ्य या पक्ष्यांनाही लागू पडते.