शब्दखेळ, विषयाधारित (बालवयातील इंग्रजी अध्यापन)

शब्दखेळ, विषयाधारित : बाजार, पाऊस, एसटीचा प्रवास, स्वयंपाकघर अशा एखाद्या ओळखीच्या विषयाभोवती जमवलेले इंग्रजी शब्द लहान मुलांना खेळातून शिकवण्याची वर्गपद्धती. साधारणतः पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ती वापरतात. चित्रांचे पत्ते, खऱ्या वस्तू, फासे-सोंगट्या, हालचालींचे हुकूम किंवा नुसता खडू-फळा एवढ्या साहित्यावर हे खेळ चालतात. धडा संपल्यावर उरलेल्या दहा मिनिटांत घ्यायचा विरंगुळा असे रूप त्यांना अनेक वर्गांत आले आहे, पण ते या पद्धतीला धरून नाही. नवा शब्द मुलाला पहिल्यांदा भेटावा तो खेळात, आणि तो शब्द उच्चारल्याशिवाय खेळ पुढे सरकू नये, हे तिचे मूळ सूत्र आहे.

शब्द विषयवार लावून चित्रांसह शिकवण्याची कल्पना जुनी आहे. मोरेव्हियातील शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनियस याचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे निघाले आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल याने ते इंग्रजीत आणले. त्यात बाग, शेती, स्वयंपाक, हवामान अशा विषयांची पाने आहेत. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले आहेत आणि तेच आकडे मजकुरातल्या शब्दांपाशी आहेत. याच कोमेनियसने हंगेरीतील शारोशपतक येथील शाळेत असताना मुलांकडून ज्ञानविषयांची नाटुकली करवून घेतली आणि त्या संग्रहाला शाळा म्हणजे खेळ अशा अर्थाचे नाव दिले. आजचे विषयाधारित खेळ या दोन्ही कल्पनांच्या जोडीतून आले आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

विसाव्या शतकात या पद्धतीला दोन ठिकाणांहून बळ मिळाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर याने १९६० च्या दशकात असे मांडले की मूल बोलू लागण्याआधी बराच काळ ऐकते आणि ऐकलेल्याप्रमाणे वागते. तेव्हा परकी भाषाही आधी हुकूम ऐकून अंगाने पाळू द्यावी, बोलण्याची घाई करू नये. पहिलीच्या वर्गात ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’, ‘जंप’ असे हुकूम देऊन घेतले जाणारे खेळ या विचारावर उभे आहेत. दुसरे बळ भारतातले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत बंगळूर प्रकल्प चालवला. भाषेचे नियम शिकवण्यापेक्षा मुलांपुढे सोडवण्याजोगे काम ठेवावे आणि ते सोडवताना भाषा यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी सांगितलेल्या कामांच्या प्रकारांपैकी एक शब्दखेळांच्या थेट उपयोगाचा आहे: एकाजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ नाही, आणि ती मिळवायची तर विचारावेच लागते. चांगला शब्दखेळ आणि वाईट शब्दखेळ यांतला फरक बहुतेक वेळा इथेच सापडतो. शिक्षकांच्या हाताशी असणारे अँड्र्यू राइट, डेव्हिड बेटरिज आणि मायकेल बकबी यांचे भाषाखेळांचे इंग्रजी पुस्तक केंब्रिजने १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले कितीतरी खेळ आज मूळ न सांगता जगभर खेळले जातात.

महाराष्ट्रात हा विषय निकडीचा झाला तो २००० साली. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजीची सुरुवात पाचवीत होई. त्या वर्षीच्या जूनपासून, तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने, ती पहिलीत होऊ लागली. निर्णयावर वाद झाला. मातृभाषेच्या पायाला धक्का बसेल ही भीती अनेकांनी बोलून दाखवली. वर्गातली अडचण निराळी होती. ज्या शिक्षकांनी स्वतः मोठ्या इयत्तेत, व्याकरण आणि भाषांतराच्या वाटेने इंग्रजी शिकले होते, त्यांना सहा वर्षांच्या, अजून अक्षरओळख नसलेल्या मुलांपुढे उभे राहायचे होते. तिथे भाषांतराची वाट चालणारी नव्हती. बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या इंग्रजी पुस्तकांत चित्रे, बडबडगीते आणि कृती यांना जी मोठी जागा आहे, तिची गरज यातून दिसते. मेळघाटातली कोरकू बोलणारी किंवा नंदुरबारची भिली बोलणारी मुले तर इंग्रजीकडे तिसरी भाषा म्हणून येतात. त्यांना इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगणे म्हणजे एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दाने सांगणे होय. चित्र, वस्तू आणि हालचाल यांचे मोल तिथे सर्वांत जास्त आहे.

विषय कसा निवडावा, यावर मात्र बहुतेक वर्गांत गफलत होते. ‘विषय’ म्हणजे एका जातीच्या शब्दांची यादी असा समज रूढ आहे: आज दहा फळे, उद्या दहा प्राणी, परवा सगळे रंग. पुस्तके आणि भिंतीवरचे तक्तेही तसेच छापले जातात. टॉमस टिंकम याने १९९३ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले की सदरा, जाकीट, स्वेटर अशा एका जातीच्या शब्दांसाठी नवे शब्द एकाच वेळी शिकवले, तर एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा ते शिकायला जास्त वेळ लागतो. शब्द एकमेकांत मिसळतात. रॉब वेअरिंग याने १९९७ मध्ये प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि निष्कर्ष तसाच आला. त्याच वर्षी टिंकमने आणखी एक गोष्ट दाखवली: बेडूक, तळे, हिरवा, उडी असे एका प्रसंगातले, पण वेगवेगळ्या जातींचे शब्द एकत्र शिकवले तर ते सोपे जातात. शब्दसंपादनाचे अभ्यासक पॉल नेशन यांनीही एका जातीचे आणि परस्परविरुद्ध अर्थांचे शब्द एका दमात शिकवू नयेत असा सावधगिरीचा सल्ला दिला आहे. टिंकम आणि वेअरिंग यांचे प्रयोग मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर आणि बनावट शब्दांवर झाले आहेत, म्हणून ते पहिलीच्या वर्गाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी ‘ट्यूजडे’ आणि ‘थर्सडे’, ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’, ‘किचन’ आणि ‘चिकन’ यांची वर्षानुवर्षे अदलाबदल करणारी मुले पाहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे पटेल.

म्हणून विषय हा प्रसंग असावा. आपल्याकडच्या मुलांसाठी पावसाळा हा नमुनेदार विषय आहे: रेन, अम्ब्रेला, मड, फ्रॉग, वेट, स्लिप, रन, रूफ. यात नामे आहेत, क्रियापदे आहेत, एक विशेषण आहे, आणि सारे शब्द मिळून एक गोष्ट होते. शाळेतून निघताना पाऊस आला, छत्री नाही, पळालो, चिखलात घसरलो. मूल ही गोष्ट अंगाने करून दाखवू शकते. हवामानाचा तक्ता लावून ‘सनी, क्लाउडी, विंडी, स्नोई’ पाठ करून घेतले तर तसे होत नाही, आणि त्यातला बर्फ तर मुलाने पाहिलेलाही नसतो. क्रिकेटचेही असेच. बॅट, बॉल, रन, कॅच, आउट, थ्रो हे शब्द गल्लीतल्या मुलाच्या तोंडी आधीपासून असतात. त्यांच्यापासून सुरुवात केली तर इंग्रजीची भीती पहिल्याच दिवशी निम्मी होते, आणि ‘थ्रो’वरून ‘थ्रो द बॉल टू मी’वर जाणे अवघड राहत नाही.

चौथीच्या वर्गातला ‘बाजार’ जवळून पाहण्यासारखा आहे. बत्तीस मुले, चार-चार जणांचे आठ गट; चार गट दुकानदार, चार गिऱ्हाईक. जुन्या दिनदर्शिकांच्या पाठीमागे काढलेली किंवा साबण-बिस्किटांच्या वेष्टनांवरून कापलेली चित्रे हा माल: अंडी, कांदे, मेणबत्ती, दोरी, साबण, साखर. प्रत्येक दुकानात चार-पाचच वस्तू, पत्ते पालथे घातलेले. गिऱ्हाइकाच्या हाती चित्रांची यादी आणि कागदी नोटा. कोणत्या दुकानात काय आहे हे त्याला ठाऊक नाही. तो विचारतो, ‘हॅव यू गॉट एनी एग्ज?’ दुकानदार म्हणतो, ‘सॉरी, नो एग्ज.’ तो पुढच्या दुकानात जातो, तेच विचारतो. तिसऱ्या दुकानात अंडी असतात, मग ‘हाउ मच?’ आणि ‘टेन रुपीज’. एकच वाक्य त्याने तीनदा म्हटले आणि त्याला ते जाणवलेही नाही, कारण त्याला अंडी हवी होती. तेच वाक्य शिक्षकांच्या मागोमाग तीनदा म्हणायला लावले असते तर मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली असती. पत्ते पालथे ठेवणे हा या खेळाचा कणा आहे. ते उताणे ठेवले की गिऱ्हाईक बोट दाखवून मोकळे होते आणि व्यवहार बिनबोभाट मराठीत उरकतो. दुसऱ्या फेरीत गटांनी भूमिका बदलायच्या, म्हणजे विचारणे आणि सांगणे दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येते.

आपल्या अंगणातल्या खेळांत अशी सामग्री भरपूर आहे आणि ती इंग्रजीच्या तासाला पुरेशी वापरली जात नाही. ‘शिवाजी म्हणतो’ हा हुकूम पाळण्याचा खेळ अ‍ॅशरच्या पद्धतीला तंतोतंत जुळतो. ‘नाव, गाव, फळ, फूल’ थोड्या मोठ्या मुलांना इंग्रजी अक्षर घेऊन खेळता येतो. भेंड्यांत शेवटच्या अक्षरावरून शब्द जोडला की स्पेलिंगकडे आपोआप लक्ष जाते. ‘कानगोष्टी’ ऐकण्याच्या सरावाला उत्तम. मराठीत ‘व’ हे एकच अक्षर असल्याने ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांत कानाची होणारी गल्लत तिथे चटकन उघडी पडते. शहरांत रंगांचा ‘टिपी टिपी टॉप’ मुले कोणी न शिकवता इंग्रजीतून खेळत आली आहेत. सांगितलेल्या रंगाची वस्तू धावत जाऊन शिवायची, नाहीतर राज्य येते, हा नियम कुठल्याही पुस्तकातल्या रंगांच्या धड्यापेक्षा सरस आहे. ताटातल्या वस्तू मिनिटभर पाहून, वर फडके टाकल्यावर त्या आठवून सांगण्याचा खेळ इंग्रजीत ‘किम्स गेम’ म्हणून ओळखला जातो. मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंगच्या १९०१ च्या ‘किम’ कादंबरीत शिमल्याचा रत्नव्यापारी नायकाला असेच शिकवतो. बेडन-पॉवेलने तो बालवीरांच्या पुस्तकात घेतला आणि तिथून तो शाळांत पसरला.

बाद करण्याचा नियम मात्र वर्गात घातक ठरतो. ‘शिवाजी म्हणतो’ असो वा संगीत खुर्ची, ज्याला शब्द कळला नाही तो पहिला बाहेर बसतो. म्हणजे ज्याला सराव सर्वांत जास्त हवा, त्यालाच सर्वांत कमी मिळतो, आणि शेवटी उरलेली दोन हुशार मुले खेळत राहतात. त्याला बाद न करता दोन फेऱ्या हुकूम देण्याचे काम द्यावे, किंवा गुण गटाला द्यावेत. हा एक बदल केला तरी अबोल मुले बोलू लागतात. खेळाचे नियम मराठीत सांगण्यात कमीपणा मानू नये. पाच मिनिटे इंग्रजीतून नियम समजावण्यात घालवली तर खेळायला वेळ उरत नाही. खेळ सुरू झाला की मात्र व्यवहार इंग्रजीत राहावा.

एकशिक्षकी वा दोनशिक्षकी शाळेत ही पद्धत विशेष सोयीची आहे. एकाच पावसाळ्याच्या पत्त्यांवर पहिलीची मुले चित्रे ओळखतात, तिसरीची चित्र आणि शब्द यांच्या जोड्या लावतात, चौथीची त्यांतून वाक्ये बनवतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळ आणि खेळण्यांतून शिकण्यावर भर दिला. पायाभूत स्तरासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच आणला. मोबाइलवरचे शब्दखेळही आता पुष्कळ आहेत. ते उजळणीला चांगले, पण त्यांत मूल बहुधा योग्य चित्रावर बोट ठेवते आणि तोंड मिटलेलेच राहते, त्यामुळे बाजाराची जागा ते घेऊ शकत नाहीत.

पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. चित्रात मावणारे शब्द खेळात सहज येतात. ‘बिकॉज’, ‘ऑल्वेज’, ‘माइट’ यांना चित्र नसते. त्यामुळे शब्दखेळांवरच विसंबलेल्या वर्गातल्या मुलाला वीस प्राण्यांची नावे येतात, पण ‘मला पाणी हवे’ हे इंग्रजीत सांगता येत नाही. दुसरी मर्यादा विसरण्याची. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवले की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने उजळणी केली तर टिकते. पावसाळ्याचे पत्ते जुलैत खेळून कपाटात गेले तर दिवाळीपर्यंत त्यांतले फारसे उरणार नाही. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच पत्ते वेगळ्या खेळात परत आले पाहिजेत.

जिल्हा परिषदेच्या शाळांतील अनेक शिक्षकांनी असे खेळ स्वतः रचले आहेत, पण बदली झाली की ते त्यांच्याबरोबर जातात. आसपासच्या शाळांच्या समूह-केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी एक खेळ करून दाखवावा, आणि त्याची नोंद शाळेत ठेवावी: इयत्ता, मुलांची संख्या, वापरलेले शब्द, लागलेला वेळ, आणि महिन्याने त्यांतले किती शब्द मुलांच्या तोंडी राहिले. मराठी शाळांना अशा संग्रहाची फार गरज आहे, आणि तो करण्याचा अधिकार आणि अनुभव शिक्षकांकडेच आहे.