घरच्या घरी फोटो इमल्शनची स्क्रीन : नारिंगी बाटलीला पर्याय आहे

लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे टी-शर्ट, दुकानांच्या कापडी पिशव्या, घरगुती मसाल्यांची पाकिटे अशा मोजक्या संख्येच्या छपाईसाठी स्क्रीन प्रिंटिंगची पद्धत आजही टिकून आहे. शंभर-दोनशे नगांसाठी ऑफसेटची प्लेट करणे परवडत नाही आणि शिवलेल्या पिशवीवर ऑफसेट चालतही नाही. राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर निर्बंध घातल्यानंतर कापडी पिशवीचे महत्त्व वाढले आणि तिच्यावर नाव छापून देण्याचे काम घरातूनही करता येते. या व्यवसायाला यंत्र लागत नाही. लागते ती चांगली स्क्रीन. ती बाहेरून करून घेतली तर प्रत्येक नव्या मजकुराला पैसे आणि एक खेप पडते. घरी केली तर खर्च बराच कमी होतो. मात्र घरी करताना जे रसायन सर्वात स्वस्त म्हणून हाती येते, तेच घरात येऊ नये असे आहे.

या स्क्रीनमागचे तत्त्व सोपे आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडावर प्रकाशसंवेदी इमल्शनचा पातळ थर द्यायचा आणि तो अंधारात वाळवायचा. त्यावर काळ्या रंगात छापलेला मजकूर ठेवून उजेड दाखवायचा. उजेड पोहोचतो तेथील थर घट्ट होऊन पाण्याला दाद देत नाही. काळ्या अक्षरांखालचा थर मऊच राहतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. राहिलेल्या मोकळ्या जाळीतून शाई उतरते. पोटॅशियम बायक्रोमेट लावलेला कागद उन्हाने काळवंडतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवले. बायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन उजेडाने घट्ट होते, या गुणाचा उपयोग इंग्लंडच्या हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ मध्ये खोदकामाच्या छपाईसाठी केला. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे या दोन वाटा एकत्र आल्या. जाळीच्या कापडाला बाजारात आजही 'बोल्टिंग क्लॉथ' म्हणतात. ते नाव गिरणीत पीठ चाळण्याच्या कापडावरून आलेले आहे.

नारिंगी बाटली

इमल्शन स्वतः प्रकाशसंवेदी नसते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या पदार्थांच्या त्या घट्ट द्रावात संवेदक मिसळावा लागतो. छपाई साहित्याच्या दुकानात पूर्वापार मिळणारा संवेदक म्हणजे अमोनियम किंवा पोटॅशियम बायक्रोमेटचे नारिंगी पाणी. शाळेच्या प्रयोगशाळेत पेटवून हिरव्या राखेचा 'ज्वालामुखी' दाखवतात ती नारिंगी पूड म्हणजेच अमोनियम बायक्रोमेट. ते स्वस्त आहे, चटकन घट्ट होते आणि कारागिरांच्या हाताला सवयीचे आहे.

पण त्यातील क्रोमियम षट्संयुजी असते. षट्संयुजी क्रोमियमच्या संयुगांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. ही पूड किंवा तिचे तुषार श्वासावाटे जाणे सर्वात घातक. त्वचेवर वारंवार लागल्यास खाज, चट्टे, न भरणाऱ्या जखमा होतात. सिमेंटमध्ये सतत हात असणाऱ्या गवंड्यांना होणाऱ्या इसबामागेही बऱ्याचदा हेच क्रोमियम असते, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून ही बायक्रोमेटे विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाहीत.

घरगुती कामात आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. उजेडाने षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होते आणि ते इमल्शनच्या साखळ्या एकमेकींना बांधते. हीच ती घट्ट होण्याची क्रिया. त्रिसंयुजी रूप त्यामानाने फारच कमी विषारी. परंतु स्क्रीन धुताना जो भाग वाहून जातो तो उजेड न लागलेला, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम तसेच बाळगणारा असतो. तो मोरीतून गटारात, शोषखड्ड्यात आणि गावाकडे असल्यास शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असे भारतीय मानक सांगते. बायक्रोमेटच्या काही ग्रॅमच्या पुडीपुढे ही मर्यादा किती बारीक आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याला पर्याय डायझो संवेदकाचा. छोट्या बाटलीतील डायझो दिलेल्या प्रमाणात शुद्ध पाण्यात विरघळवून इमल्शनमध्ये ढवळायचा आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत भांडे झाकून ठेवायचे. तो महाग पडतो आणि त्याला उजेड जास्त वेळ दाखवावा लागतो. पण दिवसाला दोन-चार स्क्रीन करणाऱ्याला या दोन्ही अडचणी अडचणी वाटू नयेत. उलट एक फायदा आहे. बायक्रोमेट मिसळलेले इमल्शन अंधारातही आपोआप घट्ट होत जाते, त्यामुळे लेप दिलेली स्क्रीन त्याच दिवशी वापरावी लागते. डायझोचे मिश्रण थंड जागी काही आठवडे टिकते. डब्यावर मिसळल्याची तारीख लिहावी आणि तो खाण्याच्या वस्तू असलेल्या फ्रीजमध्ये ठेवू नये. आधीच संवेदित केलेले, काहीच मिसळावे न लागणारे इमल्शनही मिळते. ते फार झपाट्याने घट्ट होते, त्यामुळे उजेडाच्या वेळेत चूक झाल्यास सावरायला वाव कमी राहतो. नवशिक्याने डायझोपासून सुरुवात करणे बरे. डायझो अगदी निरुपद्रवी आहे असे नव्हे. हातमोजे त्यालाही हवेतच.

जाळी आणि मजकूर

कापडावर छापायचे तर इंचाला सुमारे ११० धाग्यांची (सेंटिमीटरला ४३) जाळी सर्वसाधारण कामाला चालते. कागदावरील बारीक अक्षरांसाठी इंचाला ३०० च्या आसपास धागे असलेली घ्यावी. पिवळ्या रंगाची जाळी मिळाल्यास उत्तम, कारण पांढरे धागे उजेड बाजूला पसरवतात आणि अक्षरांच्या कडा खातात. इमल्शन घेताना शाई कोणती वापरणार हे दुकानदाराला आधी सांगावे. पाण्याच्या पिगमेंट रंगांना टिकणारे इमल्शन वेगळे आणि प्लास्टिकवरील थिनरच्या शाईला टिकणारे वेगळे. ही चौकशी न केल्याने पन्नासाव्या पिशवीला स्क्रीन विरघळू लागल्याच्या तक्रारी होतात आणि दोष नाहक उजेडाला दिला जातो.

मजकुराची 'पॉझिटिव्ह' डीटीपीच्या दुकानातून ट्रेसिंग कागदावर किंवा फिल्मवर काढून मिळते. तिच्यातील काळा रंग खरोखर काळा हवा. खिडकीशी धरून पाहिल्यास लेझर प्रिंटरच्या काळ्या भागातून बऱ्याचदा उजेड झिरपताना दिसतो. तसे असल्यास दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवाव्यात.

देवनागरीसाठी येथे विशेष काळजी घ्यावी लागते. अनुस्वार, रफार आणि उकाराचे शेपूट हे सर्वात बारीक अवयव आणि तेच आधी बुजतात. भांड्यांच्या दुकानाच्या पिशवीवर 'भांडे'चे 'भाडे' होते ते असे. उलट धुळीच्या कणामुळे इमल्शनला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि ते नेमके अक्षराच्या डोक्यावर आले, तर 'भाडे'चे 'भांडे'ही होऊ शकते. लग्नपत्रिकेतील आडनावात असे घडले की छपाईचे पैसे तर जातातच, गिऱ्हाईकही जाते. म्हणून शक्यतो जाड वळणाचा टंक घ्यावा.

लेप आणि पावसाळा

नव्या जाळीलाही धुण्याची पावडर लावून मऊ ब्रशने चोळावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. बोटांचा तेलकटपणा राहिला तर तेथे इमल्शन धरत नाही. लेप देण्याचे काम झिरोच्या पिवळ्या दिव्यात करावे. आधी छपाईच्या बाजूने, म्हणजे जी बाजू कापडाला टेकते तिच्यावर, आणि मग शाई ओतण्याच्या बाजूने असा एकेक सफाईदार हात फिरवावा. कोटर नसल्यास सरळ कडेची प्लास्टिकची पट्टीही चालते. थर जितका सारखा तितका चांगला. जाड थर म्हणजे मजबूत स्क्रीन हा समज चुकीचा आहे. नंतर छपाईची बाजू खाली करून स्क्रीन आडवी, अंधारात, धूळ नसलेल्या जागी वाळवावी.

वाळवणे म्हणजे हाताला कोरडे लागणे नव्हे. थरात ओल राहिली तर उजेड पुरेसा देऊनही तो पुरता घट्ट होत नाही. धुताना तो बुळबुळीत होतो आणि अक्षरांच्या कडा निसटतात. हे दिसताच कारागीर उजेड वाढवतात. पुढच्या वेळी अक्षरे बुजतात. मग इमल्शन खराब निघाल्याचे ठरते. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, तर थर नीट वाळण्यासाठी ती निम्म्याच्या आत हवी. त्या चार महिन्यांत उघड्यावर टांगलेली स्क्रीन रात्रभर ठेवूनही खऱ्या अर्थाने वाळत नाही. झाकणाच्या मोठ्या खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाकून त्यात स्क्रीन ठेवणे, किंवा घरात वातानुकूलन असल्यास ती खोली वापरणे, हे उपाय लागू पडतात. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ फार महाग नसते आणि वाया जाणाऱ्या दोन-तीन स्क्रीनमध्ये त्याची किंमत निघते.

विदर्भातील अडचण याच्या उलट आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पारा ४५ च्या पुढे गेला की उष्णतेनेच थर आणि डब्यातील मिश्रण घट्ट होऊ लागते. मग उजेड न लागलेला भागही धुतल्याने निघत नाही. केस वाळवण्याचे यंत्र अगदी जवळून मारले तरी हेच होते. सुमारे ४० अंशांच्या आत राहावे.

उजेड किती वेळ

एका फळीवर काळ्या फोमचा तुकडा ठेवावा. तो चौकटीच्या आत बसेल आणि जाळीला खालून दाबून धरेल एवढा असावा. त्यावर स्क्रीन, छपाईची बाजू वर. तिच्यावर पॉझिटिव्ह अशी ठेवावी की तिचा छापलेला, काळा भाग इमल्शनला टेकेल. मजकूर नेहमीसारखा सरळ छापून आणलेला असला की या मांडणीत तो वरून उलटा आणि शाईच्या बाजूने सुलटा वाचता येतो. सर्वात वर साधी जड काच. काच आणि फोम यांच्या दाबात कोठेही पोकळी राहता कामा नये, अन्यथा उजेड अक्षराखाली शिरतो.

इमल्शनला लागतो तो अतिनील आणि जांभळ्या टोकाचा उजेड. घरातील एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याखाली तासभर ठेवूनही काम होत नाही. ऊन फुकट आहे आणि त्याचे किरण जवळपास समांतर येत असल्याने कडा सुबक उमटतात. पण ढग, ऋतू आणि घटका यांप्रमाणे त्याची तीव्रता बदलते. रोज काम असेल तर अतिनील ट्यूब बसवलेली पेटी सोयीची. एकच दिवा टांगून काम करणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की दिव्याचे अंतर दुप्पट केले तर वेळ सुमारे चौपट लागतो.

वेळेचा तयार आकडा कोणीही देऊ शकत नाही, तो चाचणीने काढावा लागतो. बारीक अक्षरांची एक पॉझिटिव्ह घेऊन काचेवर काळा पुठ्ठा ठेवावा आणि ठरावीक वेळाने तो एकेक बोट सरकवत जावा. एकाच स्क्रीनवर पाच-सहा पट्टे कमी-अधिक उजेडाचे मिळतात. धुतल्यावर ज्या पट्ट्यात आतली बाजू बुळबुळीत लागते तेथे उजेड कमी पडला. जेथे अनुस्वार उघडतच नाहीत तेथे जास्त झाला. डायझोच्या थराचा पिवळेपणा उजेडाने फिका पडत जातो, ही खूण मदतीला येते. योग्य पट्ट्याची वेळ, जाळी आणि महिना वहीत नोंदवावा.

धुताना दोन्ही बाजू भिजवून मिनिटभर थांबावे. मग छपाईच्या बाजूने साध्या पाण्याची हलकी फवार मारावी. नळाची जोरदार धार सोडून अक्षरे ओरबाडण्याची घाई बहुतेकांना होते. सर्व अक्षरे उघडली की जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांनी पाणी टिपावे, स्क्रीन वाळवावी, उजेडाशी धरून छिद्रे शोधावीत आणि उरलेल्या इमल्शनने ती बुजवून पुन्हा काही मिनिटे उन्हात ठेवावी.

काम संपल्यावर जाळी पुन्हा वापरता येते. आधी शाई पूर्ण काढावी, मग सोडियम मेटापेरिआयोडेटचे इमल्शन काढण्याचे द्रावण दोन्ही बाजूंना लावून थोड्या वेळात धुवावे. हे द्रावण जाळीवर वाळले तर इमल्शन कायमचे चिकटते. अनेक घरांत त्याऐवजी कपड्यांचे ब्लीच वापरतात. पॉलिएस्टरची जाळी ते सहन करते, नायलॉनची कमकुवत होते. मोरीत त्याच वेळी संडास धुण्याचे आम्ल सांडलेले असेल तर ब्लीचशी त्याचा संयोग होऊन विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यामुळे ब्लीच वापरण्यापूर्वी मोरी पाण्याने स्वच्छ धुवावी आणि खिडकी उघडी ठेवावी.